गेलेलं राज्य परत येईपर्यंत

मंद्रूपहून सकाळची एसटी धरली की वडकबाळला सीनेचा पूल लागतो. पूल आला की डुलक्या काढणारी माणसं पिशव्या सावरून बसतात. सोलापूर आलंच म्हणायचं. स्टँडवर उतरल्या उतरल्या रिक्षावाला विचारतो, "चार पुतळा का?" आपण मान हलवायची. कुठले चार, कशाचे पुतळे, हे तो सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. माझी कैक वर्षं अशीच गेली. कोर्टाची तारीख, दातांचा डॉक्टर, बहिणीच्या लग्नाचा बस्ता, काम कुठलंही असो, जायचं चार पुतळ्यावरून.

आमचा हा रस्ता तसा जुना. मे १८१८ मध्ये टॉमस मन्रो नावाचा ग्लासगोचा स्कॉट सेनापती कर्नाटकातली ठाणी घेत घेत याच बाजूनं वर आला. भीमा ओलांडली, सीना ओलांडली, सोलापूरचा किल्ला घेतला. तिथून पुढे एकशे बारा वर्षं इंग्रजांचं राज्य सोलापुरात ठाण मांडून होतं. १९३० च्या मे महिन्यातच ते शहरातून उठलं. तीन दिवस उठलं आणि मग परत आलं.

सोलापुरात या घटनांची गोष्ट सांगणारा बहुतेक जण ८ मेला धरून सांगतो, कारण त्या दिवशी गोळ्या सुटल्या, माणसं पडली, कोर्ट जळालं. मी १२ मेला धरून सांगणार आहे. आठ तारखेला जे झालं ते दंगल होतं, आणि दंगली या देशानं पुष्कळ पाहिल्या. संकट आलं ते बाराला, गेलेलं राज्य परत आलं तेव्हा. म्हणून हा हिशेब उलटा मोजायचा: मार्शल लॉ पुकारला त्या सोमवारला किती उरलं होतं, असा.

६ एप्रिल १९३०, रविवार. पाच आठवडे उरले.

गांधीजींनी दांडीला मीठ उचललं त्याच दिवशी सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा चढला. पुण्याचे अण्णासाहेब भोपटकर त्यासाठी आले होते. नगराध्यक्ष माणिकचंद शहा. नगरपालिकेच्या इमारतीवर राष्ट्रीय झेंडा लावणारं हे देशातलं पहिलं शहर, असं सोलापूरकर अभिमानानं सांगतात.

यातली खोच अशी की नगरपालिका ही मुळात सरकारचीच देणगी. लॉर्ड रिपननं १८८२ मध्ये स्थानिक स्वराज्याचा ठराव केला तो नेटिवांना कारभाराचा श्रीगणेशा गिरवता यावा म्हणून. गटारं, दिवाबत्ती, घरपट्टी यांवर हात बसवा, मोठं राज्य आम्ही बघतो. सोलापूरनं गटारं आणि दिवाबत्ती सांभाळलीच, वर शाळेच्या छपरावर आपला झेंडा लावला. मास्तराला हे झोंबणारच.

१८ ते २३ एप्रिल. तीन-साडेतीन आठवडे उरले.

इथे सोलापूरबाहेर जायला हवं, कारण पुढे ज्या साहेबांनी निर्णय घेतले त्यांच्या डोक्यात सोलापूर एकटं नव्हतं. १८ एप्रिलला, ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी, सूर्य सेन आणि त्यांच्या पोरांनी चितगावची शस्त्रागारं लुटली. मुहूर्त मुद्दाम धरलेला: १९१६ च्या ईस्टरला डब्लिनमध्ये बंड झालं होतं. नावही तिथलंच उचललं, इंडियन रिपब्लिकन आर्मी. २३ तारखेला पेशावरात गढवाली शिपायांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला आणि पुढे काही दिवस शहर सरकारच्या हातात नव्हतं. आयर्लंडचा मोठा भाग हातचा जाऊन जेमतेम आठ वर्षं झालेली. हे सगळं ताजं असलेल्या माणसाला गिरणगावातल्या हरताळाची तार आली, तर ती तो हरताळाची तार म्हणून वाचत नाही.

५ मे, सोमवार, रात्रीचा पाऊण. आठवडा उरला.

दांडीजवळ कराडी गावात झोपडीत निजलेल्या गांधीजींना सुरतेच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटनं उठवलं. बरोबर हत्यारी पोलीस. धारासणाच्या मिठागरावर जाण्याचा बेत गांधीजींनी जाहीर केला होता, तो होऊ द्यायचा नव्हता. त्यांनी दात घासायला वेळ मागून घेतला. पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी नरसी मेहतांचं भजन म्हटलं. मग आगगाडी, बोरिवलीला उतरवून मोटार, आणि येरवडा.

अटकेचं कलम बघण्यासारखं आहे. १८२७ चं रेग्युलेशन २५, एल्फिन्स्टनच्या काळातलं, म्हणजे पेशवाई बुडून दहा वर्षंही झाली नव्हती तेव्हाचं. खटला नाही, आरोप नाही, मुदत नाही. सरकारला वाटलं तर माणूस आत. शंभर वर्षं जुनी ही किल्ली कुणाच्या तरी कपाटात जपून ठेवलेली होती आणि कुलूपही अजून तेच होतं.

त्याच दिवशी सोलापुरात हरताळ पडला.

हे शहर कसलं होतं ते थोडं सांगितलं पाहिजे. १८७४ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी निघाली. लोक तिला शेवटपर्यंत जुनी गिरणीच म्हणत. पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला आणि आमच्याकडच्या कोरडवाहू गावांतून माणसं आयतीच गिरणीच्या दारात येऊन उभी राहिली. मग लक्ष्मी, विष्णू, नरसिंग गिरजी, जाम. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. कन्नड, मराठी, तेलुगू, उर्दू एकाच चाळीच्या नळावर भांडायला लागल्या. गावाच्या कडेला तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती. गुन्हेगार जमातींच्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं त्यांना तिथे कोंडलेलं, आणि सकाळी हजेरी देऊन त्यांतले कित्येक जण त्याच गिरण्यांत साच्यावर उभे. शहराचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. भोंग्यावर चूल पेटायची आणि भोंग्यावरच पोरं शाळेला हाकलली जायची.

तेव्हा सोलापुरात हरताळ म्हणजे दुकानांच्या फळ्या लागणं एवढंच नव्हे. कामगार खाली उतरला की गावाचं घड्याळ बंद.

७ मे, बुधवार. पाच दिवस उरले.

गिरण्यांतला संप सुरू झाला. मिरवणुका, सभा, पुन्हा मिरवणुका. वैशाखातलं सोलापूर म्हणजे दुपारी अकरानंतर कुत्रंही सावली सोडत नाही असा मामला, पण त्या आठवड्यात माणसं उन्हातच होती. युवक संघाची पोरं, काँग्रेसचे स्वयंसेवक, आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी पट जास्त अशी साचेवाल्यांची गर्दी. स्वयंसेवकाला शिस्त शिकवलेली असते. साचेवाल्याला गिरणीनं शिकवलेली शिस्त वेगळी असते आणि ती गिरणीच्या फाटकातच राहते.

८ मे, गुरुवार, सकाळ. चार दिवस उरले.

मिठाला समुद्र लागतो. सोलापूरला समुद्र नाही, शिंदी आहे. शिंदी म्हणजे ताडासारखं झाड आणि त्या झाडाची ताडी, दोन्ही. तिच्यावर सरकारची आबकारी. एक झाड पाडलं की तेवढे रुपये सरकारच्या तिजोरीतून गळाले, इतका सरळ हिशेब. शिवाय दारूबंदी हा गांधीजींचा कार्यक्रम होताच. कुऱ्हाडी घेऊन लोक रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला गेले आणि झाडं तोडायला लागले.

शिंदीच्या बुंध्यावर जुन्या फांद्यांचे खवल्यासारखे खुंट असतात. कुऱ्हाड पहिल्यांदा त्यांच्यावरून घसरते, मग भुसभुशीत गाभ्यात रुतून बसते. सागासारखा टणत्कार होत नाही. भिजलेल्या पोत्यावर काठी मारावी तसा बद्द आवाज. आमच्या ओढ्याकाठची दोन झाडं काढली तेव्हा मी तो ऐकलाय, आणि साम्राज्याविरुद्धच्या लढ्याचा आवाज असा असू शकतो हे मला तेव्हा सुचलं नव्हतं.

पोलीस आले. धरपकड झाली, तशी गर्दी वाढली. कलेक्टर नाईट तिथे पोचले. पकडलेल्यांना सोडा, असा लोकांचा धोशा. शेवटी गोळी सुटली आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. सोलापूरच्या त्या लढ्यातला हा पहिला बळी. सोलापुरात एक आठवण पिढ्यानपिढ्या सांगतात: खवळलेला जमाव कलेक्टरवर चालून गेला, तेव्हा मल्लप्पा धनशेट्टी या काँग्रेसच्या कार्यकर्त्यानं मध्ये पडून लोकांना आवरलं. धनशेट्टी हे नाव लक्षात ठेवायचं.

८ मे, दुपार.

पडलेल्या पोराची बातमी गल्ल्यागल्ल्यांतून फिरली आणि शहराचा तोल गेला. दारूची दुकानं पेटली. मंगळवार पेठेच्या पोलीस चौकीवर जमाव गेला, चौकी पेटवली, तिथे दोन पोलीस मारले गेले. कोर्टाला आग लागली. पोलिसांनी पुन्हा पुन्हा गोळ्या झाडल्या, आणखी माणसं पडली.

त्या दोन पोलिसांबद्दल बोलायला सोलापुरात कुणी फारसं तयार नसतं. ते साहेब नव्हते. आपल्यातलेच, पोटासाठी खाकी चढवलेले. पुढे चार माणसं फासावर गेली ती या दोघांच्या खुनासाठी, म्हणून त्यांचा उल्लेख होतो, तोही आकड्यात: दोन पोलीस. सरकारला त्यांचा उपयोग खटला उभा करण्यापुरता, आपल्याला तेवढाही नाही. चौकात फासावर गेलेल्यांचे चारच पुतळे आहेत आणि चारच असायला हवेत, हे मला मान्य. पण त्या दुपारची गोष्ट सांगताना ही दोन प्रेतं ओलांडून पुढे जाता येत नाही.

आणि कोर्ट? कोर्ट जळतं तेव्हा काय जळतं? दावे, हुकूमनामे, जप्तीचे कागद, गहाणखतांच्या नकला. दख्खनच्या शेतकऱ्याला या कागदांचा धूर नवा नव्हता. पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला १८७५ मध्ये लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे चौकात आणून जाळले. ती तारीखही १२ मे होती. तारखांच्या योगायोगावर माझा फारसा विश्वास नाही, पण ही १२ मे पुढे आणखी दोनदा आडवी येणार आहे.

८ मे, दिवेलागण.

रात्र होता होता पोलीस आणि अधिकारी शहरातून निघून गेले. कुठल्याही राज्याचं बळ तोफांत असतं असं आपण समजतो. खरं म्हणजे ते चौकीबाहेरच्या कंदिलात असतं. कंदील लागला की समजायचं, सरकार आहे. त्या संध्याकाळी सोलापुरातला तो कंदील लागला नाही.

९ मे, शुक्रवार. तीन दिवस उरले.

आता लूटमार होणार, असं सरकारी डोकं म्हणालं असणार. लाखावर वस्ती, गिरण्या बंद, रोजगार बंद, पोलीस नाहीत, आदल्या दिवशीचा राग धुमसतोय. पण शहर काँग्रेसचे अध्यक्ष रामकृष्ण जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावाची जबाबदारी अंगावर घेतली. स्वयंसेवक रस्त्यांवर उभे राहिले, रहदारी बघू लागले, पेठांतून गस्त घालू लागले. काल जमाव होता तो आज गाव झाला. असं कसं होतं हे मला नीट उमगलेलं नाही. गावच्या जत्रेत मात्र ते पाहिलंय: दोन गट हमरीतुमरीवर आलेले असतात, फौजदार उठून गेला की दोघंही गुपचूप पालखीला खांदा देतात.

शुक्रवार, शनिवार, रविवार. ९, १०, ११ मे. सोलापूरकर या तीन दिवसांना स्वातंत्र्याचे दिवस म्हणतात, पंधरा ऑगस्टच्या सतरा वर्षं आधीचे.

१० मे, शनिवार. दोन दिवस उरले.

आता तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण कोण बसलं होतं ते पाहू, कारण निर्णय तिथे होत होता.

मुंबईचे गव्हर्नर सर फ्रेडरिक साइक्स. हा माणूस विमानदळातला, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिश हवाई दलाचा प्रमुख. त्याची बायको इझाबेल ही बोनर लॉची मुलगी. बोनर लॉ आधी काही महिने इंग्लंडचा पंतप्रधान होऊन गेला, पण त्याचं खरं कर्तृत्व १९१२ चं. आयर्लंडला स्वराज्य द्यायचा कायदा येऊ घातला, तेव्हा विरोधी पक्षनेता म्हणून त्यानं ब्लेनहाइमच्या जाहीर सभेत अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांना सांगितलं की तुम्ही कुठल्याही थराला गेलात तरी मी पाठीशी आहे. म्हणजे संसद करू घातलेल्या कायद्याविरुद्ध उघड बंडाची भाषा. त्यासाठी त्याला कुणी हात लावला नाही. त्याच्या जावयाच्या इलाख्यात मात्र गांधी टोपी घातली म्हणून माणसं आत जायची होती.

सिमल्याला व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन. हा चार्ल्स वुडचा नातू. शाळेत आपण घोकलेला तो १८५४ चा वुडचा खलिता, तोच वुड. त्याच्या आधी तो इंग्लंडचा अर्थमंत्री होता, नेमका आयर्लंडच्या मोठ्या दुष्काळात. बटाटा कुजला, सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच देशोधडीला लागली, आणि अर्थखात्याची मूठ काही सैल सुटली नाही. नातू आजोबांपेक्षा मवाळ होता, देवभोळा होता, पुढे त्यानं गांधीजींशी करारही केला. पण मवाळ माणूस सही करतो तेव्हा शाई काही फिकी उमटत नाही.

आणि लंडनला? हीच या गोष्टीतली सगळ्यात कडू गंमत. लंडनला त्या वेळी मजूर पक्षाचं सरकार होतं. रॅम्से मॅकडोनाल्ड पंतप्रधान, स्कॉटलंडच्या कोळीवाड्यात गरिबीत वाढलेला. हिंदुस्थान हिंडून जाऊन १९१० मध्ये त्यानं इथल्या जागृतीवर पुस्तक लिहिलेलं. भारतमंत्री वेजवुड बेन, तोही सज्जन माणूस. गिरणी आणि खाणकामगारांच्या वर्गणीवर वाढलेला पक्ष राज्यावर, आणि गिरणीकामगारांचं एक शहर त्या राज्याच्या हातातून निसटलेलं. पण लँकेशायरच्या गिरण्याही त्या वर्षी बंद पडत होत्या आणि विलायती कापडावरचा बहिष्कार त्यात भर घालत होता. तिथला साचेवाला मजूर पक्षाचा मतदार होता, सोलापूरचा नव्हता. शिवाय बेकारी वाढत चाललेली, सरकार अल्पमतातलं. त्या प्रश्नावर ऑस्वल्ड मोझली हा मंत्री २० मेला राजीनामा देऊन बाहेर पडला. मंत्रिमंडळाच्या टेबलावर सोलापूरची तार कुठल्या गठ्ठ्याखाली असेल, याचा अंदाज बांधायला हरकत नाही.

११ मे, रविवार. एक दिवस उरला.

सोलापुरातलं स्वयंसेवकांचं राज्य तिसऱ्या दिवसातही शाबूत होतं. माझं मत विचाराल तर सरकारला खरी धडकी भरली ती इथे. दंगल झाली तर लष्कर आणता येतं, लोकांना सांगता येतं, बघा, आम्ही नसलो की काय होतं. पण आपण नसताना रहदारी सुरळीत चालते, हे कुठल्या सरकारला परवडेल? पेशावर असंच निसटलं होतं. सोलापूर तर मुंबई-मद्रास लोहमार्गावर.

१२ मे, सोमवार.

मार्शल लॉ पुकारला गेला. लष्करानं शहर ताब्यात घेतलं. नगरपालिकेवरचा झेंडा उतरवायला लावला. हातात झेंडा असणं गुन्हा झाला आणि गांधी टोपी पुढ्यात दिसली की शिपायाचे हात वळवळू लागले. पकडापकडी, फटाफट शिक्षा, जबर दंड. माणिकचंद शहांना शिक्षा झाली. 'कर्मयोगी'चे संपादक रामभाऊ राजवाडे तुरुंगात गेले. संचारबंदी लागली. वैशाखी पौर्णिमा होती ती. एरवी या दिवसांत सोलापुरात माणसं घरात निजत नाहीत. अंगणात, ओट्यावर, गच्चीवर वाकळा पसरतात आणि चंद्र डोक्यावर येईपर्यंत गप्पा चालतात. त्या रात्री चांदणं सगळं शिपायांच्या वाट्याला.

मार्शल लॉ हा शब्द आपण 'कायदा' म्हणून वापरतो. इंग्रजांच्या कायद्यात असा लिखित कायदा नाही. तिथे तो नुसता 'गरज' या एका शब्दावर उभा आहे: दंगा इतका की कोर्टं चालत नाहीत, म्हणून सेनापती जे करील ते चालवून घ्यायचं. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात; गरजवंत सरकारला कायदा नसतो. आयर्लंडात हेच झालं. १९२१ मध्ये ॲलन नावाच्या माणसाला लष्करी कोर्टानं मरणाची शिक्षा दिली, तेव्हा डब्लिनच्या न्यायाधीशांनी हात वर केले: लढाई चालू आहे तोवर आम्ही मध्ये पडत नाही. ॲलनला गोळी घातली. त्याच वर्षी जुलैत ईगन नावाचा दुसरा माणूस आला, तेव्हा ओकॉनर या न्यायाधीशानं उलट निकाल दिला आणि त्याला सोडा म्हणाला. एकच कायदा, एकच शहर, काही महिन्यांचं अंतर, आणि एक माणूस मातीत तर एक घरी. सोलापूरनंतर हाच प्रश्न मुंबई हायकोर्टात चीफ जस्टिस बोमंट यांच्यापुढे आला.

आता त्या तारखेचं. १९१६ मध्ये डब्लिनचं बंड मोडल्यावर मार्शल लॉखाली बंडाच्या पुढाऱ्यांना रोज दोनचार करून गोळ्या घालत होते. त्यांतली शेवटची दोन माणसं १२ मेला गेली. एक होता जेम्स कॉनली, कामगारांचा पुढारी. पायाला जखम, उभं राहता येईना, म्हणून त्याला खुर्चीवर बसवून मारला. ज्या डब्लिननं बंडवाल्यांना शिव्या घातल्या होत्या तेच डब्लिन त्या खुर्चीनं फिरलं. दहा वर्षांनी, १९२६ मध्ये, इंग्लंडात कोळसा कामगारांसाठी सार्वत्रिक संप झाला. नऊ दिवस सगळं ठप्प. कामगार संघटनांच्या पुढाऱ्यांनी तो मागे घेतला, तोही १२ मेला. त्या नऊ दिवसांत लंडनवर मार्शल लॉ आला नव्हता.

१५ मे, गुरुवार. तीन दिवस झाले.

व्हाइसरॉयनं सोलापूर मार्शल लॉ ऑर्डिनन्स काढला. म्हणजे राज्य आधी आलं आणि त्याचा कायदा तीन दिवसांनी मागून. ही ऑर्डिनन्सची सोय मोठी झकास होती: कायदेमंडळाला न विचारता सहा महिने चालणारा कायदा एका सहीनं. इंग्रज गेले, पण त्यांच्या कपाटातली ही वस्तू आपण जपून ठेवली. आज तिला अध्यादेश म्हणतात.

३० जून, सोमवार.

मार्शल लॉ उठला. एकोणपन्नास दिवस. दरम्यान पाऊस सुरू झालेला असणार, मंद्रूपकडे पेरण्यांची गडबड असणार. ऐन मृगात बैलाचं एखादं औत मोडलं तरी माणूस सोलापूरला कसा गेला असेल त्या दिवसांत, टोपी घालून का बोडक्यानं, हे विचारायला आता घरात कुणी उरलेलं नाही.

१७ जुलै, लंडन.

पार्लमेंटात फेनर ब्रॉकवे उठला. मजूर पक्षाचाच, पण आपल्याच सरकारला हिंदुस्थानावरून रोज टोचणारा. जन्म कलकत्त्याचा, मिशनऱ्याचा पोरगा. हिंदुस्थानावर चर्चेला दिवस द्या, म्हणून तो हटून बसला. सभापतींनी सांगूनही खाली बसेना, तेव्हा त्याला निलंबित करायचा ठराव आला. त्यावर मतमोजणी सुरू असताना जॉन बेकेट या त्याच्या सोबत्यानं सभापतींपुढचा राजदंड उचलला आणि तो घेऊन चालता झाला. दारापाशी त्याच्या हातून काढून घेतला. राजदंडाशिवाय सभागृह नाही, असा तिथला रिवाज. म्हणजे त्या दोन मिनिटांत पार्लमेंटही बेवारस होतं. तिथे लगेच दंड जागेवर ठेवून कामकाज पुढे चालू झालं. दोघांचं निलंबन झालं, बस्स.

१२ जानेवारी १९३१, सोमवार, येरवडा.

मंगळवार पेठेच्या चौकीवरच्या खुनांचा खटला चालला होता. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. नुसती नावं वाचली तरी सोलापूर कळतं. कुर्बान हुसेन कामगारांत वावरणारा, 'गझनफर' नावाचं पत्र काढणारा तरुण. धनशेट्टी म्हणजे तोच, ज्यानं रूपाभवानीपाशी जमाव आवरला असं लोक सांगतात. लंडनला गोलमेज परिषदेचं सूप वाजायला एक आठवडा होता. संस्थानिक आणि पुढारी घटनेच्या कलमांवर बोलत होते. इकडे येरवड्यात या चौघांना फाशी दिली.

सोलापुरात त्या आठवड्यात सिद्धेश्वराचा गड्डा, म्हणजे यात्रा. तिच्यातल्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, पेलून मानकरी निघायचे होते, संक्रांतीच्या आदल्या दिवशी अक्षता पडायच्या होत्या. सोमवार हा सिद्धेश्वराचा वार. गांधीजींची अटक सोमवारची, मार्शल लॉ सोमवारचा, उठला सोमवारी, आणि फाशीही सोमवारीच.

चौघं फासावर गेले तेव्हा गांधीजी त्याच येरवड्यात होते, १८२७ च्या त्या रेग्युलेशनखाली, खटल्याविना. चौदा दिवसांनी, २६ जानेवारीला, तुरुंगाचा दरवाजा उघडून त्यांना बाहेर सोडलं. वार सोमवार.